मितानाला दिलेले दोन गुण

बिसेसर देवांगन पोलादाच्या कारखान्यात फोरमन होता आणि त्याचा हात मऊ होता. त्या मऊ हाताखाली चाळीस माणसं सुखानं नांदत होती, म्हणून त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दर वर्षी पोळ्याच्या सुमारास ऑफिसातून गुणांचे कागद यायचे. प्रत्येक कामगाराला पाचापैकी गुण द्यायचे. बिसेसर चहा पिता पिता सगळ्यांना चार-चार देऊन मोकळा व्हायचा. एखाद्याला तीन दिले, तर त्याची बायको नळावर आपल्या बायकोशी बोलायची बंद होते, एवढं त्याला अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. तेव्हा चार. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

चार नंबरच्या क्रेनवरच्या ऑपरेटरला तर तो कागद न वाचताच चार देई. तो त्याचा मितान होता.

तेवीस वर्षांपूर्वी दोघंही कारखान्यात नवे होते. गावातल्या महामायेच्या देवळासमोर, चार वडीलधाऱ्यांच्या साक्षीनं, नारळ आणि फुलं बदलून ते एकमेकांचे मितान झाले. एक विणकराच्या घरचा, दुसरा नावाड्याच्या. त्या दिवसापासून एकाची आई ती दुसऱ्याची आई, एकाच्या घरचं सुतक ते दुसऱ्याच्याही घरचं. आणि मितानाचं नाव म्हणून घ्यायचं नाही, मरेपर्यंत नाही. बिसेसर हजेरी घ्यायचा तेव्हा यादीत त्या नावापाशी आला की नुसता खाकरायचा. वर केबिनच्या शिडीवरून मितान ओरडायचा, "हजर!" सगळी पाळी हसायची. बिसेसर फोरमन झाल्यापासून अकरा वर्षं तेच आणि अकरा वर्षं तसंच हसू.

मग मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या शेडमध्ये एक माणूस भाजून मेला. ज्याच्या चुकीनं मेला, त्याला सलग सात वर्षं चार गुण होते. चौकशी समितीनं ते सात कागद टेबलावर ओळीनं मांडले म्हणे, आणि सही करणाऱ्या फोरमनला त्यांच्यापुढे उभं केलं. तो बिचारा काय बोलणार? त्यानंही चहा पिता पिताच दिले होते. दुसऱ्या महिन्यात वरून हुकूम सुटला, की कामगारांना नंतर शिकवू, आधी गुण देणाऱ्यांना शिकवा.

शिकवायला कोलकात्याहून भादुडी मॅडम आल्या. बारीक, पिकल्या केसांच्या, आवाज न चढवणाऱ्या. कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये दोन दिवस वर्ग भरला. तिशी-पस्तिशी उलटलेले सगळे फोरमन शाळेतल्यासारखे बाकांवर बसले. मॅडमनी पडद्यावर एक चित्रफीत लावली. एक वेल्डर काम करतोय, मधे मधे हसून बोलतोय. "द्या गुण," मॅडम म्हणाल्या. झाडून सगळ्यांनी चार दिले. मग मॅडमनी सांगितलं की पाच जाणकारांनी हीच फीत वीस वेळा पाहून दोन गुण दिलेत.

"त्यानं चष्मा किती वेळा कपाळावर सरकवला? कुणी मोजलं?"

कुणीच मोजलं नव्हतं.

"तो गोड बोलला, म्हणून तुम्हाला त्याचा हातही गोड वाटला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी एकेक दोष फळ्यावर लिहिला. एका गुणाची झाक सगळ्यावर पडते. भीतीपोटी सगळ्यांना मधले गुण दिले जातात. माया असली की हात मऊ होतो, वैर असलं की कडक होतो. "तुम्ही माणसाला गुण देत नाही. तुमच्याच मनाला देता. डोळ्यांनी काय दिसलं ते आधी लिहा. तारीख, वेळ, काय घडलं. गुण सगळ्यात शेवटी."

प्रत्येकाला एक-एक निळी वही मिळाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बिसेसरचे गुण जाणकारांच्या गुणांशी तंतोतंत जुळायला लागले. मॅडमनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. बाजूच्या पाळीचा फोरमन कौशिक त्याच्या कानाशी लागला, "भैया, म्हातारपणी पहिला नंबर काढलास की रे!" बिसेसर लाजला, पण आतून फुललाही. उभ्या आयुष्यात त्याला कुणी हुशार म्हटलं नव्हतं.

आपण काय शिकून बसलो आहोत, हे त्याला दुसऱ्या सोमवारी कळलं.

चार नंबरची क्रेन लेडल वाहते. लेडल म्हणजे वितळलेल्या पोलादाची अवाढव्य बादली. भट्टीतून रस तिच्यात ओततात, क्रेन तिला उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला साच्यांवर आणते. तिथं खांबावर तांबडी रेघ आहे. लेडल रेघेवर थांबलं पाहिजे, कारण रेघेच्या पलीकडे चौथरा आहे आणि चौथऱ्यावर माणसं असतात. सिग्नलवाला मनहरण कुर्रे, त्याचे दोन सोबती, कधी कधी खुद्द बिसेसर.

त्या सोमवारी लेडल रेघेपुढे वीतभर गेलं. पूर्वीही जात असेल. पूर्वी बिसेसर तिकडे बघून "येऊ दे, येऊ दे" म्हणत असे. आता त्यानं वही काढून लिहिलं. सोमवार, सकाळी नऊ चाळीस, एक वीत.

नऊ दिवसांत चौदा लेडल आले. सहा रेघेपुढे गेले. त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली. भट्टी उघडली की शेडभर पांढरा लखलखाट होतो. त्यानंतर लेडल भरून रेघेपाशी आलं तरी केबिनमधला मितानाचा हात खुणेसरशी हलत नसे. डोकं एका बाजूला कलायचं, उजवा डोळा पुढे यायचा. कुर्रेचे हात वर असायचे आणि मितान कुर्रेच्या भलत्याच बाजूला बघत असायचा.

लखलखाटानंतर मितानाला दिसत नव्हतं. किती वर्षं दिसत नव्हतं, देव जाणे. बिसेसरनं चार देण्यापलीकडे काही पाहिलंच नव्हतं.

दुपारी दोघं रोजच्यासारखे नळाजवळच्या कडुलिंबाखाली डबा उघडून बसले. मितानीनं, म्हणजे मितानाच्या बायकोनं, दिलेली बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, वर कांदा, मिरची. बिसेसरनं घास हातातच धरला.

"मितान, डोळा दाखवून घ्या एकदा."

"कशाला? जानेवारीत दाखवला की दवाखान्यात. पाटीवरची शेवटची ओळ वाचली मी."

"तिथं ट्यूबलाइट असते. भट्टी नसते."

मितानानं घास खाली ठेवला. "तुम्ही माझं लिहिताय? त्या निळ्या वहीत?"

"सगळ्यांचंच लिहितो."

"मी सगळ्यांतला का?" मितान उठला. त्यानं डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसेना, तरी दाबून लावलं. "चार नंबरवरून उतरलो तर भंगारच्या यार्डात बसवतील मला. पोरं म्हणतील, आंधळा झाला. तुमच्या तोंडून आलं म्हणून ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकणार नाही, देवांगन फोरमन."

देवांगन फोरमन! तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला मितानानं मितान म्हटलं नाही. बिसेसर तिथंच बसून राहिला आणि त्याला रडू आलं. बासी त्यानं कुत्र्यांना घातली.

पोळ्याला त्याची बायको अमरौतीन दर वर्षीप्रमाणे ठेठरी-खुरमीच्या फराळाचं ताट घेऊन मितानीकडे गेली. ताट तसंच परत आलं. झाकण्याचा रुमालसुद्धा कुणी उचलला नव्हता. सबंध कॉलनीनं तिला भर दुपारी भरलं ताट परत नेताना पाहिलं.

"काय केलंत तुम्ही त्यांचं?" घरात येऊन तिनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणे! मितानी दारात उभी राहून रडत होती, पण ताटाला हात लावेना. तुम्ही दोघं पुरुष काय ते भांडून घ्या, आमच्या नशिबी हे का?"

बिसेसरनं दवाखान्याला अर्ज दिला, की चार नंबरच्या ऑपरेटरचे डोळे पुन्हा तपासा. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तपासणी झालेली आहे, दृष्टी योग्य, पुढची तारीख जानेवारी. मग गुणांचा कागद आला. मितानाचं नाव वर छापलेलंच होतं. बिसेसर अख्खी दुपार त्या कागदापुढे बसला. शेवटी त्यानं दोन लिहिले. दोन म्हणजे लेडलच्या क्रेनवरून उतरवायचं. सही करताना त्याचा हात कापला नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

या वर्षीपासून गुण तडक वर जाणार नव्हते. आधी सगळ्या फोरमननी एकत्र बसायचं, एकमेकांचे गुण ताडून बघायचे, कुणाच्या मनाची झाक पडली असेल ती पुसायची. भादुडी मॅडम त्यासाठी पुन्हा आल्या. टेबलाच्या टोकाला शेडचे मॅनेजर चंद्राकर साहेब बसले.

चार नंबरची क्रेन निघाली तेव्हा मॅडमनी पडद्यावर अकरा वर्षांचे गुण दाखवले. अकरा चौके ओळीनं, आणि शेवटी दोन.

"देवांगनजी, सांगा."

बिसेसरनं वही वाचली. तारीख, वेळ, वीत, दीड वीत. भट्टी उघडल्यावर हात थांबतो. सिग्नलवाल्याकडे बघत नाही. त्याचा आवाज स्थिर होता.

"वही फार उत्तम आहे," मॅडम मनापासून म्हणाल्या. "पण तुम्ही एकदाही त्यांचं नाव घेतलं नाहीत. ऑपरेटर, तो, चार नंबरचा. का?"

उत्तर कौशिकनं दिलं, आणि भल्यासाठीच दिलं, हे बिसेसरला तेव्हाही कळत होतं. "मॅडम, ते मितान आहेत एकमेकांचे. आमच्याकडे मितानाचं नाव घेत नाहीत."

"म्हणजे जवळचे?"

"भावापेक्षा जवळचे. होते." कौशिकनं मान खाली घातली. "पोळ्यापासून बोलणं नाही. ताटसुद्धा परत गेलं. सगळ्या कॉलनीला माहीत आहे. घरचं काहीतरी बिनसलंय मॅडम, त्यात चार नंबरच्या निषादजींची नोकरी नको जायला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"भांडण या डोळ्यांवरूनच झालं," बिसेसर म्हणाला. "मी त्यांना डोळे दाखवा म्हटलं."

"दवाखान्यानं तर डोळे बरे म्हटलंय," चंद्राकर साहेबांनी कागद पुढे सरकवला. "आणि कौशिक, तुमच्या पाळीत तो महिन्यातून चार दिवस असतो. तुमची वही?"

कौशिकनं पानं उलटली. पाच लेडल. पाचही रेघेवर. बिसेसरला विचारावंसं वाटलं की तू कुठून पाहिलंस, ऑफिसच्या खिडकीतून, काचेआडून? तिथून रेघ दिसते का? त्यानं विचारलंही. कौशिक दुखावला. "म्हणजे माझी वही खोटी, भैया?"

मग बिसेसरनं ते केलं जे त्याला शिकवलं होतं. उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, हे अकरा चौके खोटे आहेत. मी पाहिलंच नव्हतं. मितान म्हणून दिले. माझा हात मऊ होता. शिक्षा करायची तर मला करा, पण हे दोन खरे आहेत."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खोट नव्हती, आणि तेच बिसेसरला फार भयंकर वाटलं. "देवांगनजी, असं कबूल करायला छाती लागते. पण माझ्या पंचवीस वर्षांत हेही पाहिलंय. ज्यांचा हात आयुष्यभर मऊ होता, ते शिकल्यावर काही महिने फार कडक होतात. आधीच्या मऊपणाची भरपाई करतात. त्यांना ते कळतही नाही. त्यात घरचं भांडण. तुम्ही माझे सगळ्यात चांगले विद्यार्थी आहात, पण या एका माणसाला तुम्ही गुण द्यायला नको होते."

त्याच्या मायेला नाव होतं, रागाला नाव होतं, पश्चात्तापालाही नाव होतं. त्यानं खरं कशानं सांगावं, यासाठी फळ्यावर जागाच उरली नव्हती.

चंद्राकर साहेबांनी दोनवर काट मारली. कौशिकचा आकडा राहिला. चार. सगळ्यांनी सह्या केल्या. रीतीप्रमाणे बिसेसरनंही केली.

गुरुवारी पहिली पाळी. हजेरी घेताना तो त्या नावापाशी येऊन खाकरला. वरून "हजर" आलं नाही, नुसता पाना शिडीवर आपटल्याचा आवाज आला. कुणी हसलं नाही.

पावणेदहाला भट्टी उघडली. शेड पांढरी झाली. लेडल भरलं, घंटा वाजली, क्रेन निघाली. चौथऱ्यावर कुर्रे साच्याचं झाकण सरळ करायला वाकला होता. तो उठला, वळला, दोन्ही तळवे वर केले. थांबा.

लेडल रेघेवर आलं आणि रेघ ओलांडून गेलं.

एक वीत. दोन. कुर्रेची पाठ कठड्याला टेकली. त्याचे तळवे अजून वरच होते, पण तोंड उघडं पडलं होतं. बिसेसरनं वॉकीटॉकी तोंडाशी धरली, "थांबा! थांबा!" त्या शेडमध्ये दिवसाला शंभर वेळा कुणी ना कुणी थांबा ओरडत असतं. क्रेन चालूच. "मितान!" क्रेन चालूच. केबिनच्या काचेत डोकं एका बाजूला कललेलं त्याला दिसत होतं, उजवा डोळा पुढे, भलतीकडेच.

"गैंदलाल!"

तेवीस वर्षांत न उच्चारलेलं नाव लोखंडी छतावर आपटलं आणि क्रेन जागच्या जागी थांबली. थांबली ती हिसक्यानं. लेडल झुललं, काठावरून दोन थेंब उडाले, कुर्रेच्या बुटापासून हातभर अंतरावर सिमेंटमध्ये खड्डे पडले. कुर्रे खाली बसला आणि बसूनच राहिला. शेडमधला प्रत्येक माणूस वर केबिनकडे न बघता बिसेसरकडे बघत होता.

क्रेन हळूहळू मागे गेली. साचे भरले. लेडल रिकामं झालं, मग मितान शिडीवरून उतरला. बिसेसरनं पाहिलं की प्रत्येक पायरी तो आधी बुटानं चाचपत होता. खाली येऊन तो त्याच्यापुढे उभा राहिला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"नाव घेतलंत," तो म्हणाला.

"कुर्रे मेला असता."

"मला दिसत होता कुर्रे."

"नाही दिसत होता."

मितानानं नजर वळवली आणि उजवा हात खिशात घातला. त्याला सगळं माहीत आहे, हे बिसेसरला त्या क्षणी लख्ख कळलं. कधीपासून माहीत असेल! आणि मेला तरी तो कबूल करणार नाही, हेही कळलं. आता तर मितानाचं नातंच मोडलं होतं. अडवणारं कुणी उरलं नव्हतं.

बिसेसरनं चंद्राकर साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"कुणाला लागलं?"

"नाही साहेब. थोडक्यात वाचला."

"मग नोंद करा. दुसरी भट्टी तयार आहे, वीस मिनिटांत उघडावीच लागेल, नाहीतर माल आतच गोठेल. चार नंबरला दुसरा पास झालेला माणूस आहे का तुमच्याकडे या पाळीला?"

"नाही."

"आणि याला चार गुण आहेत. तुमचीही सही आहे. तुम्ही क्रेन थांबवलीत तर परवाच्या बैठकीनंतर त्याला काय म्हणतील, मी सांगायला हवं का? पुढचे गुण पुढच्या पोळ्याला. तोवर जरा दमानं घ्या, देवांगन."

फोन बंद झाला. बिसेसरनं सवयीनं निळी वही काढली. गुरुवार, नऊ बावन्न, दोन वीत. मग लिहायचं थांबला. वही वाचायला कुणी नव्हतं.

तो चौथऱ्यावर चढला. कुर्रे अजून तिथंच बसला होता. त्याला खांद्याला धरून उठवलं, सोबत्यांनाही खाली पाठवलं. "जा, पाणी प्या. हा सिग्नल मी देतो."

"एकटे, भैया?"

"जा म्हणतो ना."

पलीकडे मितान पुन्हा शिडी चढत होता, एकेक पायरी चाचपत. केबिनचं दार लागलं. भट्टीपाशी माणसं बाजूला सरकली.

बिसेसरनं वॉकीटॉकी छातीशी धरली. तोंडात ते नाव आलं होतं, आणि त्याला जाणवलं की आता ते इतर नावांसारखंच एक नाव आहे. त्यात तेवीस वर्षं साठवलेली होती आणि ती सगळी मघाशी एका हाकेत खर्च झाली होती. पुन्हा हाक मारली तर तो ऐकेल, जसा दिवसभर "थांबा" ऐकतो तसा, आणि क्रेन चालूच राहील.

भट्टी उघडली. शेड पांढरी झाली. त्यानं दोन्ही तळवे वर केले. घंटा वाजली आणि लेडल रेघेकडे यायला लागलं.